जुन्या शेफिल्ड वस्तऱ्याची प्रतिकृती हाताने घडवायची आहे: पोलाद, घासणी आणि मूठ यांबाबत सल्ला हवा

शहापूर पेठ

सर्व जाणकारांना नमस्कार.

आमच्या आजोबांचे बेळगावच्या कॅम्प भागात केशकर्तनाचे दुकान होते. त्यांची धोकटी आम्ही जपून ठेवली असून तीत इंग्रजी बनावटीचा एक जुना वस्तरा आहे. मूळ वस्तऱ्याला हात न लावता त्याच्यासारखाच दुसरा स्वतः घडवावा, आणि तो नुसता कपाटात न ठेवता त्याने खरोखर दाढी करता यावी, असा माझा विचार आहे.

मूळ वस्तऱ्याचे पाते 19 मिलिमीटर रुंद असून दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले आहे. टोक चौकोनी आहे. पात्यामागच्या दांड्याला खालून बारीक आडव्या खाचा आहेत. ठशाची पहिली ओळ झिजून गेली आहे. तिच्याखाली इंग्रजी अक्षरांत ‘शेफिल्ड’ आणि ‘इंग्लंड’ एवढेच वाचता येते. मूठ पिवळसर पांढरी आहे. ती हस्तिदंताची आहे आणि वस्तरा पेशवाईतला आहे, असे घरात सांगितले जाते. वस्तरा मिटल्यावर पात्याचा जो भाग मुठीत जातो, नेमक्या त्याच भागावर अलीकडे गंजाचे बारीक खड्डे पडू लागले आहेत. बाहेर राहणारी शेपटी मात्र स्वच्छ आहे.

माझ्याकडे सहा इंची बेंच ग्राइंडर, ड्रिल आणि चांगल्या कानशी आहेत. वडगावातल्या एका मित्राचा लोहारभाता वापरता येईल. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा तापवून, ठोकून पाते काढावे, त्यावर मूळ ठसा उमटवावा आणि शेवटी आम्लाने थोडे जुनाट रूप द्यावे, असा बेत आहे. यात काय चुकते आहे ते कृपया सांगावे.

उद्यमबाग टूलरूम

कमानपाटा टाळावा. ऊसतोडणीचे कोयते त्याचे उत्तम होतात, कारण कोयत्याला घाव सोसायचा असतो आणि तिथे लवचीकपणा कामाला येतो. त्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते सहा दशांश टक्के असतो. वस्तऱ्याला घाव सोसायचा नसतो. त्याची धार केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतकी बारीक होऊन तशीच टिकली पाहिजे, आणि त्यासाठी एक टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असलेले, 60 ते 62 रॉकवेल सी (कडकपणा मोजण्याचे माप) एवढे कडक होणारे पोलाद लागते.

आपल्या भागात सहज मिळणारे दोन पर्याय आहेत. पहिला ईएन 31, म्हणजे बेअरिंगचे पोलाद: सुमारे एक टक्का कार्बन आणि सव्वा ते दीड टक्का क्रोमियम. दुसरा जुनी, चांगल्या प्रतीची कानस, जिच्यात कार्बन एक टक्क्याच्या वरच असतो. यांतले कोणते घ्यावे हे तुम्ही पाणी कसे देणार, म्हणजे पोलाद तापवून आणि झटकन निववून कडक कसे करणार, यावर ठरते, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. ईएन 31 मधले क्रोमियमचे कार्बाइड विरघळायला वेळ लागतो. सुमारे 830 ते 845 अंशांवर दहा-पंधरा मिनिटे ते स्थिर ठेवावे लागते, आणि कोळशाच्या भट्टीत डोळ्यांच्या अंदाजाने हे जमत नाही. जास्त तापले तर दाणा मोठा होतो, कमी तापले तर धार मऊ राहते. त्यामुळे ईएन 31 घ्यायचे असेल तर उद्यमबाग किंवा मच्छे येथे तापमान नियंत्रित असलेली मफल भट्टी गाठावी. भात्यावरच काम करायचा आग्रह असेल तर कानस घ्यावी. साध्या कार्बन पोलादाला तेवढा वेळ देण्याची गरज नसते.

कानस प्रथम लाल करून राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर सावकाश निवू द्यावी, म्हणजे ती मऊ होईल. दात पूर्ण घासून काढल्याशिवाय ठोकू नये, कारण दाताची प्रत्येक घळ पुढे तड्याची सुरुवात होऊ शकते. पाणी देताना लोहचुंबक जवळ ठेवावे. सुमारे 770 अंशांवर पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून एक छटा उजळ झाले की तेलात बुडवावे. साध्या पाण्यात बुडवल्यास इतके पातळ पाते तडकण्याचा संभव मोठा असतो. करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल 50-60 अंशांपर्यंत कोमट करून चालते. पाते धारेच्या बाजूने सरळ खाली न्यावे आणि तेलात आडवे हलवू नये, नाहीतर ते केळीसारखे वाकते. लगेच ओव्हनमध्ये 180 ते 200 अंशांवर तासाभराची टेंपरिंगची (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा मंद तापवण्याची) फेरी दोनदा द्यावी. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिकट गवती रंग दिसला की पुरे.

भंगारातल्या बेअरिंगविषयीही लिहितो, कारण कोणीतरी तो सल्ला देणारच. ट्रकच्या मोठ्या रोलर बेअरिंगांपैकी काही वरच्या थरापुरत्याच कडक केलेल्या असतात आणि आतले पोलाद कमी कार्बनचे असते. ते बाहेरून ओळखता येत नाही. सहा मिलिमीटर जाडीची, चाचणीचा दाखला असलेली पट्टी विकत घेणे अंती स्वस्त पडते.

निपाणीचा निसणा

पोलादाबद्दल वर नेमके लिहिले आहे. माझे म्हणणे त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे: तुम्ही नेमकी कशाची नक्कल करणार आहात? हातातला वस्तरा आज जसा आहे तसा, की कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा होता तसा? या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

प्रथम त्याचे वय. पेशवाई 1818 साली संपली. त्या काळातले इंग्रजी वस्तरे बहुधा पाचरीसारखे भरीव असत आणि अठराव्या शतकातल्या नमुन्यांची शेपटी आखूड असे. दोन्ही अंगांनी खोल घासलेले पाते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. त्याहून पक्का पुरावा ठशातच आहे. इंग्लंडमध्ये 1887 साली मालावरच्या चिन्हांचा कायदा आला, आणि अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले. त्यानंतर शेफिल्डच्या निर्यातीच्या मालावर गावाच्या जोडीला ‘इंग्लंड’ दिसू लागते. तुमचा वस्तरा म्हणून 1890 च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा असावा. घरच्यांना हे आवडणार नाही, पण कॅम्पातला एखादा अधिकारी जे बरोबर बाळगत असेल त्याच्याशी हे अधिक जुळते.

आता भूमिती. वस्तऱ्याची पाठ केवळ वजनासाठी जाड ठेवलेली नसते. निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या दगडावर, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकवून घासायची असतात, त्यामुळे पाठीची जाडी आणि पाठीपासून धारेपर्यंतचा पल्ला यांच्या प्रमाणातूनच धारेचा कोन ठरतो. हा कोन 16 ते 17 अंशांच्या आसपास असला की वस्तरा अंगाला सुखाचा लागतो. 20 अंशांच्या पुढे गेला तर ओढ लागते, 14 च्या खाली आला तर धारेचे टवके उडतात. जुन्या वस्तऱ्यात वर्षानुवर्षे निसण्यावर पाठही झिजलेली असते आणि धारही मागे सरकलेली असते. झिजलेली मापे जशीच्या तशी उचललीत, तर नवा वस्तरा जन्मतःच म्हातारा होईल.

तुम्ही चार मापे घेऊन इथे द्यावीत: पाठ निसण्याला जिथे टेकते तिथली जाडी, तिथून धारेपर्यंतचा पल्ला, पाठीवर झिजून तयार झालेल्या चकचकीत पट्टीची रुंदी, आणि पल्ल्याच्या बरोबर मध्यावर पात्याची जाडी. शेवटचे माप सरळ व्हर्निअरने घेता येत नाही, कारण त्याचे जबडे खोलगटपणावर अधांतरी राहतात. 3 मिलिमीटरचे दोन छर्रे ग्रीसने दोन्ही बाजूंना चिकटवावेत, छर्ऱ्यांवरून माप घ्यावे आणि त्यातून 6 वजा करावेत.

शहापूर पेठ

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. मापे अशी आली: पाठीची जाडी 5.0 मिमी, पल्ला 17.5 मिमी, पाठीवरची चकचकीत पट्टी सुमारे दीड मिमी, छर्ऱ्यांसह मध्यावरचे माप 7.5, म्हणजे पात्याची जाडी 1.5 मिमी. पेशवाईची गोष्ट घरात अजून सांगितलेली नाही.

निपाणीचा निसणा

उत्तम. या आकड्यांतून पुष्कळ काही कळते.

पल्ला 17.5 आणि पाठीची निम्मी जाडी 2.5, यावरून एका अंगाचा कोन आठ अंशांच्या थोडा वर, म्हणजे एकूण सुमारे 16.3 अंश येतो. झीज होऊनही कोन शाबूत आहे, याचा अर्थ वापरणाऱ्याने पाठ आणि धार नेहमी बरोबरीने घासली. ज्यांच्या हातात तो होता त्यांना आपले काम कळत होते.

पाते सरळ पाचरीसारखे असते तर मध्यावर जाडी पाठीच्या निम्मी, 2.5 मिमी, भरली असती. प्रत्यक्षात ती 1.5 आहे. म्हणजे दोन्ही अंगांनी मिळून एक आणि प्रत्येक अंगाने अर्धा मिलिमीटर पोलाद चाकाने खाल्ले आहे. चाकाची त्रिज्या काढण्याचा हिशेब सोपा आहे: पल्ल्याचा वर्ग घ्यावा आणि खोलीच्या आठपटीने भागावे. 17.5 चा वर्ग 306, त्याला 4 ने भागले की त्रिज्या साडेशहात्तर मिमी आणि चाकाचा व्यास सुमारे 153 मिमी येतो. तुमच्या बेंच ग्राइंडरचे चाक सहा इंची, म्हणजे 152 मिमी आहे. असा योग सहसा येत नाही. मात्र चाक झिजून साडेपाच इंचांवर आले असेल तर पोकळी अधिक खोल जाईल, म्हणून घासण्याआधी चाकाचा व्यास मोजावा.

तरीही मापे जशीच्या तशी घेऊ नयेत. पाठ 5.4 आणि पल्ला 18.5 ठेवावा. कोन साडेसोळाच्या आसपास राहील आणि पुढच्या वापराला झिजण्यापुरते पोलाद शिल्लक असेल.

ठसा आणि आम्ल या दोन्हींबाबत माझा विरोध आहे. शेफिल्डमध्ये 1624 पासून सुरीकारांची कंपनी कारागिरांची चिन्हे नोंदवत आली आहे. दुसऱ्याचे चिन्ह उमटवून वर आम्लाने जुनेपण चढवलेली वस्तू आज तुमच्या घरात निरागस असेल, पण तुमच्यानंतर ती बाजारात गेली की बनावट ठरते. स्वतःचे आद्याक्षर, ‘बेळगाव’ आणि साल असा ठसा मारावा.

खानापूर सुतारमेट

मुठीबद्दल मी लिहितो. ती हस्तिदंताची नसावी, अशी मला दाट शंका आहे, आणि शंकेचे कारण तुम्हीच सांगितलेला गंज आहे. सेल्युलॉइड या प्लास्टिकसारख्या कृत्रिम पदार्थाचे पेटंट अमेरिकेत 1870 साली घेतले गेले आणि त्यानंतर हस्तिदंताची नक्कल म्हणून त्याच्या मुठी सर्रास होऊ लागल्या. हा पदार्थ जुना झाला की विघटन पावतो आणि त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. मुठीत मिटलेले पाते तेवढेच गंजते आणि बाहेरची शेपटी स्वच्छ राहते, हे त्याचे ठरलेले लक्षण आहे.

खात्री करण्यासाठी मूठ सुती फडक्याने जोरात चोळून गरम करावी आणि वास घ्यावा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. तापलेली सुई टोचण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नये, कारण ते भडकन पेटते. मुठीच्या कडेवर रेघाही पाहाव्यात. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांचे जाळे दिसते, हाडावर बारीक काळसर ठिपके दिसतात, आणि नकली मालावर फारच शिस्तीत काढलेल्या समांतर रेघा असतात. यदाकदाचित ती खरोखर हस्तिदंताची निघाली, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लक्षात घ्यावा. ती विकता येणार नाही आणि प्रतिकृतीसाठी नवा हस्तिदंत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रतिकृतीला म्हशीचे शिंग शोभते, कारण शेफिल्डचे कितीतरी वस्तरे शिंगाच्या मुठीचेच असत. पण शिंग हवेतला दमटपणा शोषून वाकते, आणि आमच्या खानापूरच्या पावसाळ्यात मी शिंगाच्या पट्ट्या पिळवटलेल्या पाहिल्या आहेत. बेळगावात थोडे बरे, तरी माझा कल जुन्या फर्निचरमधून निघालेल्या शिसवीच्या तुकड्याकडे आहे. पन्नास वर्षे वाळलेले लाकूड आता हलत नाही.

अडीच ते तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीने एकमेकींवर चिकटवून एकत्रच आकार द्यावा आणि छिद्रेही एकत्रच पाडावीत. मुठीच्या कळीविरुद्धच्या टोकाला (कळी म्हणजे पाते ज्या खिळ्यावर फिरते तो) दोन पट्ट्यांमध्ये जी पाचर बसते ती निमुळती हवी, बाहेरच्या टोकाला पातळ आणि आत जाड. त्यामुळे पट्ट्या किंचित धनुष्याकार होतात, पात्याला मध्ये मोकळी जागा मिळते आणि कळीवर ताणही राहतो. सपाट पाचर घातली तर पाते मिटताना कधी या भिंतीला तर कधी त्या भिंतीला घासते. जुन्या वस्तऱ्यांत ही पाचर पुष्कळदा शिशाची असे. तुम्ही पितळेची किंवा हाडाची घालावी.

खिळ्यांसाठी 1.6 मिमीची पितळी तार आणि दोन्ही बाहेरच्या बाजूंना लहान वॉशर पुरेत. तार वॉशरच्या वर साधारण तारेच्या अर्ध्या जाडीइतकीच ठेवावी आणि हलक्या, गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टिचक्या मारल्यासारखे ठोकून फुलवावे. जोर केला की तार आत वाकते आणि लाकूड चिरते. पाचरीकडचा खिळा आधी पक्का करावा, कळीचा शेवटी.

शहापूर पेठ

फडक्याने चोळल्यावर कापराचा वास स्पष्ट आला. मूळ पाते मुठीबाहेर उघडे ठेवून, तेलाचा हात देऊन वेगळे ठेवले आहे. ईएन 31 ची पट्टी घेऊन मफल भट्टीतच पाणी द्यायचे ठरवले आहे. ठशाचा विचार सोडला. आद्याक्षर, गाव आणि साल घालतो. एक शंका उरते: चाकावरची घासणी पाणी देण्याआधी करावी की नंतर?

उद्यमबाग टूलरूम

दोन्ही वेळा, पण वाटणी नीट करावी. कळीचे छिद्र, दांड्याच्या खाचा आणि ठसा ही तिन्ही कामे पाणी देण्याआधीच संपली पाहिजेत, नंतर ड्रिल चालणार नाही आणि ठशाचे पंच मोडतील. खाचा तिकोनी कानशीने काढाव्यात, पण तळ टोकदार ठेवू नये, कारण तडा तिथूनच जातो. पात्याचा आकार आणि अर्धीअधिक पोकळीही आधीच काढावी, मात्र धारेला 0.8 ते 1 मिलिमीटर जाडी राखावी. धार आधीच पातळ केली तर ती तेलात लाटेसारखी वेडीवाकडी होते. शिवाय भट्टीत पृष्ठभागाचा कार्बन थोडा जळतो. तो मऊ थर नंतरच्या घासणीत निघून गेला पाहिजे.

पाणी दिल्यावर उरलेली पोकळी हातमोजे न घालता घासावी. पाते बोटांना चटका देईपर्यंत तापू द्यायचे नाही आणि प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवायचे. धारेवर निळा रंग उमटला म्हणजे ती 300 अंशांच्या आसपास गेली आणि तेवढा भाग कडकपणा गमावून बसला; तो घासून काढण्यावाचून इलाज नाही. हातमोजे नकोत, पण चष्मा आणि मास्क हवेतच. चाकासमोर पाते धरताना धार नेहमी फिरण्याच्या दिशेने, म्हणजे खाली ठेवावी. वरच्या बाजूला ठेवलेली धार चाकात अडकून पाते हातातून उडते.

कडकपणाच्या चाचणीसाठी त्याच पट्टीचा एक तुकडा पात्याबरोबरच भट्टीत घालावा आणि रॉकवेलचा ठोका त्यावर घ्यावा. पात्यावर घेतलेल्या ठोक्याचा खड्डा कायमचा राहतो. हे आधी बजावून न सांगितल्यास दुकानातली मुले थेट पात्याच्या मध्यावर ठोका घेऊन मोकळी होतात.

निपाणीचा निसणा

धारेचे काम मुठीत बसवण्याआधीच उरकणे सोयीचे पडते. 1000 च्या निसण्यावर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दोन्ही अंगांचा धारेचा पट्टा टाचेपासून टोकापर्यंत सलग दिसेपर्यंत पुढे जाऊ नये; इथे घाई केली तर 8000 वर कितीही वेळ घालवला तरी ती भरून निघत नाही. नंतर 4000, 8000 आणि जमल्यास 12000. निसण्यावर धार पुढे ठेवून ढकलायचे आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून ओढायचे. पट्ट्यावर वळताना वस्तरा पाठीवरून उलटवावा. धारेवरून उलटवला तर पट्टाही कापतो आणि धारही जाते.

पट्टा नेहमी ताठ ओढलेला असावा, कारण तो सैल राहिला की चामडे धारेभोवती वळते आणि सगळी मेहनत गोल होते. पहिल्या दाढीला गालाचा सपाट भागच घ्यावा आणि पाते कातडीशी तीसेक अंशांत धरावे. हनुवटी आणि ओठावरचा भाग सुरुवातीच्या काही वेळा साध्या रेझरनेच उरकावा.